नैवेद्याचं विलायती ताट

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. काकूंकडे जाणं आपण का बंद केलं, असं बायको अनेकदा विचारायची आणि मी दर वेळी नव्या नोकरीची धावपळ पुढे करायचो. तिला ते पटत नसे. आता लिहून टाकतो.

काकू आमच्या नात्यातल्या नव्हत्या. अमेरिकेत आलो तेव्हा राहायची सोय होईपर्यंत आम्ही एडिसन गावी त्यांच्या बेसमेंटमध्ये राहिलो, एवढंच. त्यांचा मुलगा आणि सून दोघंही डॉक्टर. घर चालायचं ते काकूंच्या शब्दावर. घरात अंडंसुद्धा येत नसे. बिस्किटांच्या पुड्यावरची बारीक अक्षरं त्या नातीकडून वाचून घेत. चरबीचा उल्लेख निघाला की पुडा परत. "माझे डोळे म्हणजे ही पोरगी," असं त्या सगळ्यांना सांगायच्या.

मी सिरॅमिक्सचा इंजिनिअर. एका टाइल्सच्या कारखान्यातली नोकरी गेल्यावर इंग्लंडहून कपबशा आणि डिनर सेट मागवणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात तपासनीस म्हणून लागलो. पेंढा बाजूला करून ताट उचलायचं आणि कडेला टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर कुठेतरी तडा आहे. ते काम मला आवडायचं. पातळ पांढरं ताट उजेडासमोर धरलं की मागच्या बोटांची सावली दिसायची. शतकाहून जुन्या भट्ट्यांमधून आलेला माल होता तो.

पण ऐंशीनंतर त्या मालाचे दिवस फिरले. पूर्वी लग्न ठरलं की अमेरिकन मुली दुकानात जाऊन आपल्या पसंतीचा विलायती सेट ठरवून यायच्या. आता त्यांना डिशवॉशरमध्ये टाकता येतील अशी जाड भांडी हवी होती. जपानी सेट निम्म्या किमतीत मिळत होते. त्यात मायक्रोवेव्ह आले. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात एका बाईंनी मला भर गर्दीत गाठलं. "अहो, तुमच्या सोनेरी काठाच्या बशीने माझ्या मायक्रोवेव्हमध्ये दिवाळी केली! फटाके तेवढे फुकट." सगळे हसले. मीही हसलो, पण गोदामात खोक्यांची थप्पी छतापर्यंत गेली होती.

इंग्लंडातला तो कारखाना विकला जाणार अशी कुणकुण लागली, तेव्हा मॅनेजरने मला बोलावलं. "तुमच्या लोकांकडे सणाला पन्नास-पन्नास माणसं जेवतात ना? त्यांना विका. गोदाम रिकामं करून दाखवा, पुढे तुमची जागा पक्की. माझा शब्द." हात पुढे करून त्याने माझा हात घट्ट दाबला.

पहिल्यांदा मी काकूंकडेच गेलो. त्यांनी घेतलं की बाकीचे घेणार, हे मला माहीत होतं. त्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती असे आणि गावभरातली मराठी कुटुंबं जेवायला असत. कागदी प्लेटा वरणभाताने वाकायच्या, याचं काकूंना फार वाईट वाटायचं. ताट हातात घेऊन त्यांनी विचारलं, "याला बोन चायना म्हणतात ना रे? बोन म्हणजे हाड. यात हाडं तर नसतात?"

असतात. गुराढोरांची हाडं जाळून त्यांची राख मातीत मिसळतात, जवळजवळ निम्मी. ताटाचा तो पांढरेपणा त्या राखेचाच. आमच्याकडे निळ्या नक्षीची साधी विलायती भांडीही होती, त्यांत हाड नव्हतं. ती दाखवली असती तर प्रश्न मिटला असता. पण गोदामात ती नव्हती पडून, ही होती.

"नाही हो काकू," मी म्हणालो. "जुनं नाव आहे, चिकटलं ते चिकटलं."

"तू त्यातला इंजिनिअर. तू म्हणतोस तर झालं."

भट्टीतून निघाल्यावर हाड हाड राहतंच कुठे, अशी मी मनाची समजूत घातली. काकूंच्या पाठोपाठ ओळखीच्या बहुतेक घरांत ते सेट गेले.

त्या वर्षी गणपतीपुढे काकूंनी केळीच्या पानाऐवजी सोनेरी काठाचं नवं ताट ठेवलं. एकवीस मोदक, वर तूप. आरती झाली, पाणी फिरवलं आणि नात मोठ्याने म्हणाली, "आजी, धिस प्लेट हॅज काउ बोन्स."

"काय?"

"रिअल बोन्स, आजी. शाळेत सिरॅमिक्सच्या क्लासमध्ये टीचरने सांगितलं. दे बर्न देम."

काकू माझ्याकडे वळल्या. "अरे, ही काय म्हणते?"

"तिचं काहीतरी चुकतंय," मी म्हणालो. "शाळेत अर्धवट सांगतात."

"बट आय आस्क्ड ट्वाइस!" नात रडकुंडीला आली होती.

"देवासमोर असलं बोलतात?" काकू कडाडल्या. "नाक घास आधी. आणि काकांना सॉरी म्हण."

तिने देवासमोर नाक घासलं. मग माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "सॉरी, काका." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि "असू दे" म्हणालो. त्यानंतर आम्ही सगळे त्याच ताटांत जेवलो.

गोदाम रिकामं झालं. कारखाना एका मोठ्या कंपनीने घेतला आणि त्यांचा अमेरिकेतला विक्रेता आधीच ठरलेला होता. मॅनेजर तिकडे गेला, आमची सगळी गिऱ्हाइकं घेऊन. मी लावून दिलेली मराठी घरंसुद्धा त्यात आली. मला कोणी काही सांगितलं नाही. एका सोमवारी कामावर गेलो तर अनोळखी माणसं टेपने फरशी मोजत होती. त्यांच्याकडून कळलं, की जागा भाड्याने जाणार आहे.

तिथून मी गाडी काढली ती थेट काकूंकडे. का, ते आजही नीट सांगता येत नाही. लहानपणी मार खाल्ला की घरी जातात, तसं काहीतरी. त्या ओट्याशी पोळ्या लाटत होत्या. मी उभ्याउभ्याच सुरुवात केली. "फसवलं हो मला! शब्द देऊन फसवलं. त्यांच्यासाठी मी काय काय केलं! आपल्या लोकांना हाडाची भांडी विकली, तोंड वर करून खोटं बोललो..."

लाटणं थांबलं.

"म्हणजे होती हाडं?"

मी होकारार्थी मान हलवली.

त्या ताटांबद्दल बोलतील, सोवळ्याबद्दल, नैवेद्याबद्दल, असं मला वाटलं होतं. त्यांनी गॅस बंद केला. "म्हणजे पोरगी खरं बोलत होती. तेव्हापासून ती मला काही वाचून दाखवत नाही. 'यू वोन्ट बिलीव्ह मी' म्हणते. मी म्हटलं, वयात येतेय, असेल. तुझ्या एका शब्दावर मी तिला नाक घासायला लावलं रे."

"काकू, माझं चुकलं, पण त्या लोकांनी मला..."

"त्या लोकांचं मला सांगू नकोस. आणि माझी माफी मागू नकोस. ती चारला येईल शाळेतून. थांब, आणि तिची माग."

मी चारपर्यंत थांबलो नाही. नोकरी शोधायची आहे, असं काहीतरी पुटपुटलो आणि निघालो. त्यांनी दारापर्यंत येऊन बघितलंही नाही.

मग भेटणं टाळत गेलो. काही वर्षांनी काकू गेल्या. मुलाचा फोन आला, तेव्हा जाणं भाग होतं. नात कॉलेजातून आलेली असणार, हे धरून मी गाडीत वाक्य जुळवलं. इंग्रजीत जुळवलं, म्हणजे तिला अर्थ लावत बसावं लागू नये. तुझं बरोबर होतं, मला तेव्हाही माहीत होतं, मी खोटं बोललो, मला क्षमा कर. वळणावळणावर ते पुटपुटत होतो.

दार तिनेच उघडलं. डोळे सुजलेले होते. मला पाहून ती बाजूला झाली नाही, तशीच उंबऱ्यावर उभी राहिली. मी काही बोलेन म्हणून थांबली होती, असं आज वाटतं. मग ती म्हणाली, "येस, काका?"

"किती मोठी झालीस गं," मी म्हणालो.