धापूबाईंची कुबडी

ट्रक निघून गेला तेव्हा मी उंटावर बसलो होतो.

माझं उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये कृत्रिम पायांचं वर्कशॉप आहे. राहायला बदलापूर. दर थंडीत इथल्या शेठलोकांचा एक ट्रस्ट राजस्थानात, वाळवंटाच्या तोंडाशी, मोफत पाय बसवायचं शिबिर भरवतो. मी सेवेला जातो. सेवा म्हणजे दिवसभर प्लास्टर कालवायचं, साचे घासायचे. माणूस पिळून निघतो. म्हणून शेवटच्या दुपारी स्वयंसेवकांना डेझर्ट सफारी. निम्मे लोक त्यासाठीच येतात. मलाही वाळवंटाचं वेड आहे, खोटं कशाला बोलू.

त्या सकाळी धापूबाईंना पाय बसवला. चाळिशीच्या, एकट्या, शेळ्या राखून पोट भरणाऱ्या. एक पाय गुडघ्याखाली गेलेला. उरलेला भाग ज्या प्लास्टिकच्या वाटीत बसतो तिला आम्ही सॉकेट म्हणतो. खाली रबरी पाऊल. शाळेच्या सिमेंटच्या व्हरांड्यात ट्रायल घेतली. बाई अशा चालल्या की लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आमच्याकडे एक रीत आहे. नवा पाय दिला की जुनी कुबडी जमा करायची. कुबडी घरात राहिली तर पेशंट तिच्यावरच चालतो आणि पाय माळ्यावर जातो. अंबरनाथ-उल्हासनगरात ही रीत अगदी बरोबर आहे. धापूबाईंची कुबडी गावठी लाकडाची, खाली टायरचा रुंद गोल तुकडा बांधलेला. त्यांनी ती धरून ठेवली.

“साब, ये तो रहने दो.”

“बाईसा, अब क्या जरूरत है?” मी म्हणालो.

कुबडी ट्रकमध्ये गेली. दुपारी ट्रक सामान घेऊन थेट उल्हासनगरला निघणार होता. आमची गाडी दुसऱ्या दिवशीची.

टेकाडावर उंटावरून उतरलो आणि घोट्यापर्यंत रुतलो. पाय उपसला, पुन्हा रुतलो. माझा घोटा वळतो, म्हणून पाय निघतो. रबरी पाऊल वळत नाही. ते रुतलं की पाय वर ओढताना सॉकेट सुटतं आणि कातडी सोलवटते. बाईंच्या वस्तीपर्यंत सगळी वाळूच होती.

सोबत आलेल्या ट्रस्टच्या शेठना सांगितलं. ते फोटो काढत होते. “अरे साईं, इतने दिन सेवा की, आज तो एन्जॉय करो!”

मी जीप घेऊन निघालो. धापूबाई अर्ध्या वाटेवर बसलेल्या सापडल्या. नवा पाय काढून मांडीवर घेतलेला. कातडी लालभडक. तळहातांना, गुडघ्याला वाळू चिकटलेली. बाई रांगत आल्या होत्या. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“पाँव तो बढ़िया है, साब. रेत में नहीं चलता. मेरी लकड़ी दे दो.”

मी शेठना फोन लावला.

“ट्रक तो कब का हाईवे पे लग गया,” ते म्हणाले. “एक लकड़ी के लिए वापस बुलाऊँ? नई भेज देंगे, चार भेज देंगे!”

बाईंना जीपने वस्तीवर सोडलं. सफारीच्या तंबूचा बांबू आणून दिला, तो काठीसारखा वाळूत घुसला. शेठनी शब्द पाळला, ॲल्युमिनियमच्या कुबड्या पाठवल्या. त्यांची टोकं बांबूइतकीच बारीक. जुनी कुबडी मी कुरियरने पाठवली, तर पत्ता अपुरा म्हणून परत आली. वाळूतल्या झोपड्यांना कसला आलाय पत्ता! त्या वर्षी माझं कामात मन लागेना. कुणी पायावर उभं राहून हसलं की मला ते रांगलेले तळहात दिसायचे.

पुढच्या थंडीत कुबडी हातात घेऊनच गाडीत बसलो. वस्तीवर झोपडी बंद होती. शेळ्यांमागे जाणं जमेना, म्हणून बाईंनी त्या विकल्या होत्या आणि तालुक्याच्या गावी भावाकडे राहायला गेल्या होत्या. मी तिथे गेलो. सिमेंटची गल्ली. धापूबाई दारातून माझ्याकडे चालत आल्या, जरासुद्धा न लंगडता. इतकी सुरेख चाल माझ्या कुठल्याच पेशंटची नाही.

मी कुबडी पुढे केली. त्यांनी टायरच्या तुकड्यावरून हात फिरवला आणि ती मला परत दिली.

“पाँव बहुत अच्छा चलता है, साब. पर अब जाना कहाँ है?”

मी कुबडी घेऊन परत आलो.

ती कुबडी वर्कशॉपच्या कोपऱ्यात उभी आहे. आता मी कुणाची कुबडी जमा करत नाही, आणि ट्रायल पेशंटच्या दारातल्या जमिनीवर घेतो. सफारी अजून असते. मी जातोही. पण ट्रकमध्ये काय काय चढलं ते बघितल्याशिवाय उंटावर बसत नाही.