फुल टेपला कुंकू

कोपरीतल्या आमच्या छोट्याशा संस्थेत लग्नातली जुनी गाणी जमवून ठेवतात, आणि ती गाणी ज्या कॉम्प्युटरवर असतात त्याचा एकमेव जाणकार म्हणजे मी. जाणकार हे माझंच मत. दुसऱ्या कोणी दावा केला नाही म्हणून ते टिकलं.

कुठल्याशा कंपनीने मोडीत काढलेलं टेपचं यंत्र आम्हाला दान मिळालेलं. त्यावर मी रोज बॅकअप घ्यायचो. शनिवारी सगळ्याच्या सगळ्या फाइली एका टेपवर. ती फुल टेप. इतर दिवशी जे नवं आलं किंवा बदललं तेवढंच, त्या त्या दिवसाच्या टेपवर, गेल्या आठवड्याचं पुसून. वर्षाचं धान्य भरून ठेवायचं आणि रोज फक्त भाजी आणायची, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगे. कोणी विचारलेलं नसे. फुल टेपा दोन होत्या, आळीपाळीने वापरायच्या. 'एक गेली तरी दुसरी आहे' हे वाक्य मी इतक्या रुबाबात म्हणायचो की डोंबिवलीला घरी बायकोने त्यावर बंदी घातली.

गाणी टिपून आणायचं काम माझ्या सहकारी बाईंचं. त्या कळव्याकडच्या आगरी घरातल्या. त्यांची आई धवलारीण, म्हणजे लग्न लावताना धवले गाणारी. तिचं गाणं बाईंनी तिच्याच ओटीवर बसून रेकॉर्ड केलं, आणि त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. रेकॉर्डरचं कार्ड पुसून पुढच्या कामाला वापरलं, कारण कॉम्प्युटर आहे, टेप आहे आणि मी आहे. तो आवाज जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. डबा खाऊन झाला की बाई कधीकधी हेडफोन लावून तो ऐकत बसत.

खंडेनवमी आली. आदल्या संध्याकाळी टेंभी नाक्याच्या देवीला जाऊन आल्यामुळे माझ्या भक्तीला जरा भरतीच होती. हत्यारांची पूजा म्हणून मी टेबलावर टेपा मांडल्या. रोजच्या टेपांना नुसतं झेंडूचं फूल. फुल टेपा मात्र मानाच्या. खोक्याची कसली पूजा, देव आत असतो, असं म्हणून मी त्यांची झडप उघडून आतल्या काळ्या फितीलाच ओलं कुंकू लावलं. दोन्हींना लावलं, दुजाभाव नको म्हणून.

"अहो, चालतं ना असं?" बाईंनी विचारलं.

"श्रद्धेनं केलं की सगळं चालतं," मी म्हणालो.

दसऱ्याची सुट्टी संपवून ऑफिस उघडलं तर कॉम्प्युटरची डिस्क बसलेली, आतली सगळी गाणी गेलेली. मी घाबरलो नाही. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. एवढी वर्षं नटून बसलो होतो, शेवटी मुहूर्त लागला. सगळ्यांना जमवून मी पहिली फुल टेप घातली. यंत्र गुरगुरलं आणि फीत गिळून बसलं. ओढून काढली तर लालभडक आणि तुटलेली. यंत्र पुसून दुसरी घातली, तिचीही तीच गत. तज्ज्ञाकडे पाठवल्या, तर त्याने दोन्ही परत केल्या आणि वर विचारलं, हा लाल रोग कुठला?

रोजच्या टेपा मात्र ठणठणीत होत्या. दसऱ्याच्या जेवणाचा बेत कोणीतरी रोज बदलत होतं, म्हणून तो प्रत्येक टेपवर निघाला: आधी श्रीखंड, मग बासुंदी, मग पुन्हा श्रीखंड. आईचा आवाज एकाही टेपवर नव्हता. कसा असणार? रोजची टेप बदललेलंच घेते, आणि गेलेल्या माणसाच्या फाइलीत काय बदलणार?

मी बाईंना सांगितलं. सांगताना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा वाईट जास्त वाटलं. त्यांनी हेडफोन गुंडाळून बाजूला ठेवले. मग ऑफिसात कधी न काढलेल्या घरच्या बोलीत म्हणाल्या, "माईक लावा. मना सगला पाठ हाय."

मी रेकॉर्डर सुरू केला आणि त्या गायल्या. एका ओळीच्या मध्येच थांबल्या. मला वाटलं, रडू आलं. पण त्या तोंडाशी पदर धरून हळूच, मुद्दाम खोकल्या.

"आईला इथंच खोकला आलेला," म्हणाल्या, आणि त्यांनी पुढची ओळ धरली.