मागच्यांना ऐकू गेलं का?

गोविंदराव मुन्शी गेल्याचं मला बैलबाजारात कळलं. आमच्याकडं बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत, उपरण्याखाली बोटं दाबून ठरवतात. समोरच्याची तीन बोटं माझ्या मुठीत होती. निरोप ऐकला आणि मूठ सुटली. सौदा तसाच राहिला... हातात आलेला सौदा मी त्याआधी कधी सोडला नव्हता.

निजामाच्या राजवटीत कोर्टाचं सगळं काम उर्दूत चाले. आपण दावा जिंकलो की हरलो, हेही माणसाला दुसऱ्यानं सांगावं लागे. गोविंदराव परभणीत एका वकिलाकडं मुन्शी होते. मानवतच्या बाजाराला ते येत, कापडदुकानाच्या ओट्यावर बसत आणि नवे फैसले मराठीत वाचून दाखवत. कुणाचा बांध, कुणाचं दत्तक, कुणा कुळाची जमीन. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला पोटगी मिळाल्याचा फैसला वाचला, तेव्हा भाजीवाल्या बायका पाट्या सोडून पुढं आल्या होत्या. प्रत्येक फैसला संपला की मान उंच करून ते विचारत, "मागच्यांना ऐकू गेलं का?" घेत काहीच नसत. मी दोरखंड वळत वळत बैलांच्या व्यापाराला लागलेला माणूस. फुकट कुणी काही देतं, हे मला पटत नसे. तरी दर बाजारी त्यांच्याजवळ बसायचो. चहा माझा, गप्पा त्यांच्या.

मग झरीच्या किसनचं प्रकरण झालं. त्याची लालकंधारी बैलजोडी मी उपरण्याखाली ठरवली, त्यानं मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला, असं काही ठरलंच न्हाई. मी दावा लावला. माझी बोटं खोटी ठरली असती, तर बाजारात पुन्हा कुणी हात दिला नसता. सुनावणीला आठ दिवस होते. त्याच बाजारी गोविंदरावांनी वरच्या कोर्टाचा फैसला वाचला: भाव ऐकलेला साक्षीदार नसेल, तर झाकल्या हाताचा सौदा शाबीत होत नाही. किसन गर्दीतच उभा होता. गोविंदरावांनी त्याला पाहिलं, मला पाहिलं, आणि नेहमीसारखंच विचारलं, "मागच्यांना ऐकू गेलं का?"

किसननं कोर्टात तोच फैसला पुढं केला आणि मी हरलो. ओट्यापुढं उभा राहून त्यांना नको ते बोललो. शेवटी म्हणालो, "एक बाजार थांबले असते, तर काय बिघडलं असतं तुमचं?"

कागदाची घडी घालत ते म्हणाले, "आज तुमच्यासाठी थांबलो, तर उद्या दुसऱ्यासाठी तुमच्यापासून लपवीन. मग मी वाचलेलं तुमी तरी खरं मानाल का, नामदेवराव?"

उत्तर बिनतोड होतं, म्हणूनच राग गेला नाही. मित्राला घरी येऊन आधी सांगता आलं असतं, हे माझं म्हणणं आजही आहे. त्या ओट्यावर मी पुन्हा बसलो नाही. राजवट गेली, कोर्टात मराठी आली, त्यांचं वाचणं थांबलं. मागच्या साली जिंतूरच्या एसटीत ते समोर बसले होते. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. उतरताना त्यांनीच विचारलं, "बैल कसे हायेत?" मी म्हणालो, "बरे हायेत." एवढंच...

त्या हरण्यानंतर मी एक सवय लावून घेतली. हातावरचं उपरणं काढलं की भाव चारचौघांत मोठ्यानं बोलायचा. तेव्हापासून माझा एकही सौदा मोडलेला नाही. हे त्यांना कधी सांगितलं नाही.

परवा तो अर्धा राहिलेला सौदा पुरा केला. भाव बोललो आणि तोंडातून आपोआप निघालं, "मागच्यांना ऐकू गेलं का?" समोर त्या ओट्यावर प्लास्टिकच्या बादल्या मांडल्या होत्या. तिकडं तोंड करून मी भाव पुन्हा सांगितला, आधीपेक्षा मोठ्यानं.