तळहाताची ऊब

बस अमेरिकेतल्या वूस्टरला पोहोचली तेव्हा बर्फ भुरभुरत होता. मित्राची बायको, मेश्राम वहिनी, मला न्यायला आल्या होत्या. "भाऊजी, उद्या मी लॅबला ड्रॉप करते. टोपी मात्र विसरू नका," त्या म्हणाल्या. रात्री जवळच्याच श्रूजबरीतल्या त्यांच्या घरी टॉर्टिया (मक्याची पातळ मेक्सिकन भाकरी) आणि नागपुरी झणझणीत रस्सा. माझ्या बायकोला, सुमनला, जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. कुणी आग्रहाने वाढलं की तीच आठवायची.

नागपूरला मी शरीरक्रियाशास्त्र शिकवत असे. इथल्या प्रयोगशाळेत ची-कुंग (श्वास आणि मन एकाग्र करण्याची चिनी साधना) तपासत होते, ते पाहायला आलो होतो. कँटनहून आलेले लिन गुरुजी डोळे मिटून बसले. त्यांच्या तळहाताला तारा चिकटवल्या होत्या. थोड्या वेळाने यंत्राच्या कागदावरची तापमानाची रेघ वर चढू लागली. हात खरोखर तापत होता. संशोधक बाईंचा चेहरा खुलला.

लिन मात्र अवघडले. मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "हे लिहू नका. आज साधना जमली नाही. बायकोची आठवण येत होती. तिला व्हिसा मिळत नाही. थंडीत तिचे हात मी असे धरायचो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग माझ्याकडे वळल्या, "तुम्ही बसता का? साधना नको. फक्त जवळच्या माणसाचा हात आठवा."

मी तळहाताला तारा लावून, डोळे मिटून बसलो. कणीक मळताना कोपराने केस मागे सारणारी सुमन दिसली. मनातच तिचा हात धरला. डोळे उघडले तर माझीही रेघ चढलेली.

बाई पुटपुटल्या, "म्हणजे सगळं पुन्हा तपासायला हवं."

जेवायच्या सुट्टीत लिननी संत्रं सोलून अर्धं माझ्यापुढे केलं. "कुणाला आठवलंत?"

"बायकोला."

"कुठे असते?"

"नागपूरला," मी म्हणून गेलो.

ते मनापासून हसले. "मग तुमची भेट लवकर होईल. तिला माझा नमस्कार सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.

नागपूरला उतरलो तेव्हा ऊन तापलं होतं. कॉलेजात सगळे विचारत होते, ची-कुंगची ती शक्ती खरी का? हात तापतो, एवढं मी सांगायचो. कशाने, ते ठाऊक नाही. लिनना पत्राने खरं कळवता आलं असतं. पण जगाच्या पाठीवर एक माणूस तरी सुमन घरी असल्याचं धरून चालला होता. ते मोडायला माझं मन धजेना.