पेटीचा भाता

दुपारी दोनची वेळ. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर ओठांत नाम घोळवत बसले आहे आणि डोळे आपोआप मिटताहेत. काचेपलीकडे माझी सून, तनुजा. तेरा दिवसांपूर्वी तिच्या डोक्यात रक्तस्राव झाला. मेंदू मेलाय, असं डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं. पण पोटात पाच महिन्यांचं बाळ आहे, म्हणून यंत्र तिच्या छातीत वारा भरतंय. ते अजून काही महिने चालवायचं की थांबवायचं, याबाबत कायदाही सरळ बोलत नाही म्हणे. चार वाजता दवाखान्याची समिती बसणार आहे. तिची स्वतःची इच्छा काय होती, हे ते पुन्हा विचारतील. काल विचारलं तेव्हा मी म्हणाले, "ती कधी काही बोलली नाही."

फुस्स, टक. फुस्स, टक. यंत्र कुठलं, हा तर पेटीचा भाता.

मी देवळाच्या सभामंडपात बसलेय. बुवांनी माझं लाडकं आख्यान लावलंय, आईच्या पोटात हरिनाम ऐकणाऱ्या बाळाचं. पेटी माझ्या पुढ्यात आहे. मला ती वाजवता येत नाही, तरी मी भाता मारतेय. तनुजा शेजारी येऊन बसते. अंगात दवाखान्याचा झगा, अर्धं डोकं भादरलेलं.

"कीर्तनाच्या नादात घरी पोळ्या जाळायचात, आई. आता इथे काय जाळताय?"

"गप गं. बाळाला ऐकू दे."

"वारा कुठे जातोय तो बघा आधी."

पेटीच्या मागून एक नळी निघून तिच्या घशात गेली आहे. मी भाता दाबला की तिची छाती वर येते. मी थांबते, तर तिचे ओठ निळे पडतात. घाबरून मी पुन्हा दाबते, दणादणा.

"हात काढा, आई."

"बाळ मरेल ना!"

"मरेल." ती माझ्याकडे बघत राहते. "आख्यानातली आई जिवंत होती. ती ऐकत होती. मी कुठे ऐकतेय?"

ती नळी मुठीत धरते आणि हिसडते.

आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीवर आम्ही दोघी झोंबतोय. तिच्या घशातून रक्ताची चिळकांडी माझ्या पातळावर उडते. मी तिच्या छातीवर गुडघा रोवते. माझ्या हातात हिरवा चुडा आहे. पाचव्या महिन्यात भरायची आमच्यात रीत आहे. काल मी तो खरोखरच आत नेला होता. "हात सुजलाय हो, नका," असं नर्स म्हणत असताना खोबरेल चोळून दाबत राहिले. बांगडी फुटली, मनगट चिरलं, रक्त आलं. तनुजाचं बोटसुद्धा हललं नाही.

आता मात्र ती लाथा झाडतेय. तिच्या अंगठ्याचं हाड कडकन मोडतं, तरी मी बांगडी रेटते. तोंडाने मोठ्याने नाम घेत रेटते.

"माझ्या बाबांना आठवा," ती गुरगुरते. "गेल्या वर्षी एक्केचाळीस दिवस नळ्यांवर होते. त्यांना पोचवून आल्यावर याच ओट्याशी मी काय म्हणाले होते?"

मी तिच्या तोंडावर हात दाबते. ती कडकडून चावते. मी तिच्या थोबाडीत मारते. दुसरी मारते. तिचं डोकं फरशीवर आपटतं आणि झांज वाजल्यासारखा आवाज होतो.

कीर्तन थांबतं. ओट्यापासून देवळाच्या दारापर्यंत माणसं बसली आहेत. बुवांच्या हातातली चिपळी उघडीच राहिली आहे. सगळे माझ्या गुडघ्याकडे बघताहेत.

"म्हणा, आई. मोठ्याने."

"तू म्हणालीस... म्हणालीस, माझ्यावर असं करू नका. मला यंत्रावर ठेवू नका. पण तनू, तेव्हा तुझ्या पोटात बाळ नव्हतं गं!"

"नव्हतं."

"मग आता काय म्हणशील?"

"आता मी काही म्हणू शकत नाही. म्हणून तर तुम्हाला सांगतेय. मी बोलले तेही सांगा, बाळ नव्हतं तेही सांगा. माझं तोंड दाबू नका, बस."

मी गुडघा उचलते. ती फुटलेली बांगडी माझ्या तळव्यात ठेवते, माझी बोटं मिटवते आणि मोडक्या हाताने ती मूठ आवळत जाते. आवळतच जाते. मी ओरडते.

"आई! अहो आई, ऊठ." माझा मुलगा अवधूत मला हलवतोय. घाबरला की लहानपणापासून त्याचं 'अहो' आणि 'ऊठ' असं एकत्र होतं. "चार वाजले. आत बोलावलंय. आणि हे रक्त कसलं?"

माझी उजवी मूठ उघडत नाही. तो एकेक बोट सोडवतो. तळव्यात हिरव्या काचेचा तुकडा रुतलाय. काल नर्सने माझ्यादेखत सगळ्या काचा झाडून नेल्या होत्या.

"थांब, पट्टी बांधून घेऊ."

"नंतर," मी उठते. "आधी आत चल. काल मी त्यांच्याशी खोटं बोलले."