एकाच हाताच्या दोन बाह्या

कटिंगच्या बाईंना मध्येच कुणी तोडलेलं अजिबात खपत नसे. शिवणकामाच्या संस्थेत त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. खोलीच्या मधोमध लांबलचक टेबल, भोवती शिकायला आलेल्या मुली आणि बाईंच्या हातात कात्री. बाईंनी कापायचं, बाकीच्यांनी बघायचं. कुणाला शंका आलीच, तर बाईंच्या कपाळावरची आठी बघून ती आल्या पावली परत जायची. बाई यालाच शिस्त म्हणत. आणि खोटं कशाला बोला, त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली शिवायच्याही फक्कड.

पुढे वर्गाला येणारी माणसं आटली. व्यवस्थापकांनी बाईंना बोलावून सांगितलं, "आता वर्ग इंटरनेटवर घ्यायचा. देशोदेशीचे लोक येतील. या तुकडीतल्या सगळ्यांचा सदरा पुरा झाला तर वर्ग पुढे चालू. लोक गळायला लागले, तर ही खोली भाड्याने द्यावी लागेल." म्हणजे बाईंनी घरी बसायचं. बाईंना सगळं यायचं, एक घरी बसणं येत नव्हतं.

सुनेने येऊन टेबलावर कॅमेरा टांगून दिला. "आई, एवढाच चौकोन दिसतो बरं का. कापड घडी घालून पसरू नका. एका वेळी एकच तुकडा घ्या."

"आयुष्यभर दुहेरी घडीवर कापलंय मी."

"तेव्हा लोक टेबलाभोवती उभे असायचे. आता ते या भोकातून बघणार आहेत."

बाईंनी त्या भोकाकडे नाक मुरडून बघितलं आणि ऐकलं.

पहिल्याच दिवशी त्यांची गाठ एका दाढीवाल्याशी पडली. माणूस जहाजांना रंग देणारा, पण प्रश्न असे विचारायचा की बाईंनी त्याचं नाव वकील ठेवलं. बाई नाही, मॅडम नाही, सरळ नावाने हाक. एकीकडे सफरचंद खाणं चालू. "हे असंच का? इथून कापलं तर काय बिघडेल?" बाईंचा तिळपापड झाला.

सून म्हणाली, "त्यांच्याकडे तशीच रीत असते, आई. प्रश्न विचारला नाही, तर शिकवणाऱ्याला वाटतं याचं लक्षच नाही."

"आणि विचारला की मला वाटतं, याला फटका हवाय."

बाकीची मंडळी मात्र दुसऱ्या टोकाची. ती तोंडातून ब्र काढत नसत. त्यांत एक तरुण नर्स होती. बाई पडद्यावर आल्या की ती चटकन उभी राहायची, त्यामुळे बाईंना चौकोनात नुसतं तिचं पोट दिसायचं. "बस गं," असं म्हटल्याशिवाय ती बसत नसे. बाई तिच्यावर बेहद्द खूश होत्या. सगळी दुनिया अशी असती तर किती बरं झालं असतं, असं त्यांना वाटायचं.

मग बाह्यांचा दिवस आला. बाहीचा मुंढा, म्हणजे खांद्याला जोडायचा गोल भाग, पुढच्या बाजूने जरा जास्त खोल असतो. म्हणून उजवी बाही वेगळी, डावी वेगळी. दुहेरी घडीवर कापलं की दोन्ही आपोआप नीट निघतात. एकेरी कापडावर दुसऱ्या बाहीच्या वेळी कागद उलटा ठेवावा लागतो. बाईंच्या हाताला याची सवयच नव्हती. त्यांनी सरावाच्या पांढऱ्या कापडावर कागद ठेवला, एक बाही कापली. कागद तसाच पुढे सरकवला आणि दुसरी कापली.

"थांबा," वकील म्हणाला. "दोन्ही एकाच हाताच्या झाल्या. तुम्ही चुकलात."

टेबलाशी उभं राहून आजवर हे कुणी म्हटलं नव्हतं. "आधी बघायला शिका, मग बोला," असं म्हणून बाईंनी बटण दाबून त्याचा आवाज बंद केला. सुनेने शिकवलेल्या सगळ्या खटाटोपात हे एकच बटण त्यांना मनापासून आवडलं होतं.

तेवढ्यात नर्सने हात वर केला. "बाई, मला नीट कळलं नाही. बाही परत एकदा दाखवता का?"

"बघा, विचारायचं तर असं विचारावं!" बाई खुलल्या. त्यांनी नवा तुकडा घेतला आणि तीच चूक पहिल्यापेक्षा सावकाश करून दाखवली. "आता समजलं?"

"हो, बाई."

आठवडाभरात शिवलेल्या सदऱ्यांचे फोटो आले. वकिलाचा सदरा बिनचूक होता. गप्प बसणाऱ्या झाडून सगळ्यांच्या दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या. नर्सने निळ्या फुलांचं छापील कापड वापरलं होतं. डाव्या खांद्यावर ते असं ओढलं गेलं होतं, की बघवत नव्हतं. बाईंनी आपले पांढरे तुकडे काढून बघितले. साध्या पांढऱ्याला उलटसुलट नसतं, एक बाही पालथी केली की जमून जातं. म्हणून त्यांना चूक कळलीच नव्हती. छापील कापड पालथं करून कसं चालेल?

पुढच्या वर्गात एकानेही त्यांना बोल लावला नाही. "आमचंच लक्ष नव्हतं, बाई," सगळे म्हणाले. कुणी तोंडावर भांडलं असतं, तर बाईंना एवढं लागलं नसतं. आणि नर्स आलीच नव्हती. ती गेली की गळती सुरू, आणि गळती सुरू झाली की खोलीला कुलूप. पण बाईंच्या डोळ्यांपुढे खोली नव्हती, ती निळी फुलं होती.

त्यांनी तिला फोन लावला. पडद्यावर पुन्हा पोट.

"बस गं बाई. वर्गाला का आली नाहीस?"

"कापड संपलं, बाई. थोरल्या बहिणीने पाठवलं होतं. तसं आता मिळत नाही."

"चूक माझी होती."

"नाही हो, बाई. माझाच हात..."

"माझी चूक होती. तुला ती दिसली होती की नाही, खरं सांग."

नर्सने मान खाली घातली. "दिसली होती."

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

नर्सने चमकून वर बघितलं. तिला खरंच नवल वाटलं होतं. "सांगितलं होतं की, बाई. मी म्हटलं नव्हतं का, परत एकदा दाखवता का म्हणून?"

बाई मनाशी हिशेब करू लागल्या. आजवर टेबलाभोवती किती जणींनी 'परत एकदा दाखवता का' म्हटलं असेल, आणि त्या दर वेळी खुलून तेच दाखवत बसल्या असतील. त्यांना भयंकर लाज वाटली.

"मग तू तशीच का कापलीस?"

"तुम्ही दुसऱ्यांदाही तसंच दाखवलंत. म्हटलं, बाईंना माहीत असणार."

बाईंनी डोळे पुसले आणि कामाचं बोलायला सुरुवात केली. "त्या बाह्या उसव. लांब आहेत आणि खालपर्यंत सरळ आहेत. चुकलेलीच्या खालच्या भागातून डाव्या हाताची अर्धी बाही निघते. दुसरीही तेवढीच आखूड करू. उद्या वर्गात ये, आपण मिळून कापू."

दुसऱ्या दिवशी बाईंनी आधी सगळ्यांसमोर चूक कबूल केली आणि वकिलाचा आवाज उघडला.

"मी सांगितलं होतं," तो म्हणाला.

"सांगितलं होतंत. दोघांनी सांगितलं होतं."

"दुसरं कोण?" वकिलाने विचारलं. बाईंनी नर्सला उसवलेल्या बाह्या पुढे घ्यायला सांगितल्या.

नर्सच्या बाह्या मार्गी लागल्या. मग बाईंनी कॉलरचा कागद कापडावर ठेवला, खडूने रेघ मारली आणि कात्री उचलली. नर्सचा हात हळूच वर आला.

"बाई, कॉलर परत एकदा दाखवता का?"

"अहो, स्वच्छ दिसतंय की सगळं!" वकील म्हणाला. "आता परत काय दाखवायचं?"

बाईंनी कात्री खाली ठेवली.

"जरा थांबा हो," त्या म्हणाल्या. "ती मला काहीतरी सांगतेय."