विहीणबाईंच्या घरचं पाणी

जगात जेवढी म्हणून काळजी आहे, तिच्यातली निम्मी आमच्या नांदुऱ्याच्या मामांच्या वाट्याला आली, आणि उरलेली निम्मी त्यांनी शेजारपाजाऱ्यांकडून मागून आणली. गाडी दहाची असली की मामा साडेसातला स्टेशनावर हजर. एकदा अकोल्याला लग्नाला निघालेले मामा पुढच्याच जलंब स्टेशनावर उतरून परत घरी आले, कारण दाराला कुलूप लावल्याचं आठवत होतं, पण ते ओढून पाहिल्याचं आठवत नव्हतं. अशा माणसाला त्यांच्या एकुलत्या एक लेकीनं, शीतलनं, उन्हाळ्यात पंधरा दिवस पोर्तुगालला बोलावलं. तिचा नवरा तिकडचाच, आणि त्याच्या आईवडिलांचं घर थेट समुद्रकाठी. मामी जाऊन तीन वर्षं झालेली, तेव्हा मामांना सांभाळायला म्हणून मी सोबत गेलो.

मामांनी तोवर समुद्र पाहिला नव्हता, आणि पाहिल्यावर त्यांना तो अजिबात पटला नाही. भरती म्हणजे काय हे मी समजावून सांगितलं, तरी ते वाळूत काठीनं रेघ ओढून बसत आणि पाणी रेघेपाशी आलं की आमच्याच नव्हे तर अनोळखी लोकांच्याही खुर्च्या, टॉवेल उचलून वर नेऊन ठेवत. लोक पोहायला आत जात ते मामा मोजून घेत. एकदा माझा डोळा लागला होता, तर मला गदागदा हलवून म्हणाले, "ऊठ बे, अकरा गेले होते, दहाच आले." अकरावा माणूस पलीकडे आइस्क्रीम खात उभा होता. मामांनी त्याच्याकडे असं रागानं पाहिलं की तो बिचारा आइस्क्रीम घेऊन लांब सरकला.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण मामा त्या घरी जेवत नव्हते. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरचं पाणीही प्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी चाल. आता ती कोणी पाळत नाही, मामा मात्र पाळत होते. त्यांनी पिशवीभर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोबत आणली होती. ताटावर बसून ते तीच खात, आणि विहीणबाईंनी काही वाढलं की हात जोडून हसत. शीतल दरवेळी पथ्याचं काहीतरी कारण सांगून वेळ मारून नेई. चौथ्या दिवशी दमट हवेनं दशम्यांना बुरशी आली, तेव्हा मामा कोपऱ्यावरच्या दुकानातला पाव आणून बाहेर बाकावर बसून खाऊ लागले. आता हे विहीणबाईंना कळलं तर काय, ही मला धास्ती.

आणि ते कळलंच. पोहून आलेल्यांना पायाची वाळू धुवायला किनाऱ्यावर एक नळ होता. मामा त्या नळाला ओंजळ लावून पाणी पीत असताना विहीणबाईंनी पाहिलं. त्या तशाच घरी आल्या, स्वयंपाकघरात बसल्या आणि डोळ्यांना लावायला पदर नव्हता म्हणून हातपुसणं लावून रडू लागल्या. माझं घर या माणसाला पाय धुवायच्या नळापेक्षा वाईट वाटतं का, असं त्या शीतलला विचारत होत्या. तिनं मला त्याचं मराठी करून सांगितलं तेव्हा मी मान खाली घातली.

तेवढ्यात मामा आत आले. शीतल त्यांच्यासमोर उभी राहिली. आवाज न चढवता म्हणाली, "बाबा, मले लेकरू होणार नाही. दोन वर्स झाले डॉक्टरनं सांगून. मंग आता तुम्ही माह्या घरचं पानी कधीच पेणार नाही काय?"

मामा विहीणबाईंजवळ गेले आणि, त्यांना मराठी येत नाही हे विसरून, म्हणाले, "ताई, मले पानी द्या." त्यांना ते बरोबर कळलं. मामांनी पेला दोन्ही हातांनी घेतला, उभ्याउभ्याच रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला. मग खाली बसून दोन वाट्या बटाट्याचं सूप प्याले. शीतल त्यांच्या शेजारी बसून राहिली. मामांचा डावा हात जेवण होईपर्यंत तिच्या पाठीवरून खाली आला नाही.

परतीच्या विमानात मामांनी खिडकीचं, पंखाचं, सामानाचं काहीच विचारलं नाही. त्यांच्या त्या गप्प बसण्याची मला भीती वाटू लागली, म्हणून मीच विचारलं, बरं वाटत नाही का. ते म्हणाले, "पोरगी दोन वर्स हे एकटीच सोसून राह्यली, अन् मी इकडं कुलपं ओढून पाहत होतो. तुही मामी असती, तर तिले फोनवरच्या आवाजातून कळलं असतं."

मला मामांबद्दल तेव्हा फार माया वाटली, आणि अजूनही वाटते.